खोलीतला काळोख, खिडकीतला उजेड

'फोटोग्राफ' या शब्दाचा सरळ अर्थ उजेडाने काढलेली रेघ. दोन ग्रीक शब्द जोडून झालेले हे नाव १८३९ साली सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने रूढ केले. पुढे त्याच वस्तूचे मराठीत बारसे करायची वेळ आली तेव्हा 'प्रकाशचित्र' हा शब्द हाताशी होता. काहींनी तो वापरलाही. पण लोकांच्या तोंडी बसला तो 'छायाचित्र' हाच शब्द. साहेबाने उजेडाला मान दिला, आपण सावलीला दिला! गंमत अशी की, ज्या टॅलबट नावाच्या इंग्रज गृहस्थाने 'निगेटिव्ह'ची युक्ती शोधून काढली, त्यानेही आरंभी आपल्या विद्येला 'स्कियाग्राफी' म्हणजे छायालेखनच म्हटले होते. म्हणजे मराठीची निवड अगदीच आडवळणाची नव्हे.

आणखी एक शब्द पाहा. 'कॅमेरा' म्हणजे मूळ लॅटिनमध्ये खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडले की समोरच्या भिंतीवर बाहेरचा देखावा उलटा उमटतो. ही करामत शेकडो वर्षे माहीत होती, आणि त्या अंधाऱ्या खोलीची पुढे पेटी झाली, पेटीची डबी झाली आणि आज ती खिशातल्या फोनच्या पाठीवर शर्टाच्या बटणाएवढी होऊन बसली आहे. तेव्हा खिडकी असलेली कोणतीही खोली ही कॅमेऱ्याची आजीच म्हणायची.

शब्दांचा हा खेळ इथे मांडला तो उगीच नव्हे. घरात उभे राहून खिडकीबाहेरच्या देखाव्याचा फोटो काढायचा, आणि त्यात घरही यावे आणि देखावाही यावा असे म्हणायचे, म्हणजे छायाचित्र आणि प्रकाशचित्र ही दोन्ही एकाच चौकटीत मागण्यासारखे आहे. वाचकहो, हा प्रयोग आपणही केव्हा ना केव्हा केला असेल. बाहेर गुलमोहर फुललेला असतो, खिडकीत नात बसलेली असते. आपण फोटो काढतो. गुलमोहर सुरेख येतो, पण नातीच्या जागी काळे बाहुले! मग नातीचा चेहरा साधायला जावे, तर खिडकीच्या जागी चुन्याचा पांढराफटक चौकोन! दोन्ही डोळ्यांना तर एकाच वेळी दिसत होते. मग कॅमेऱ्याला का दिसू नये?

डोळा सवडीने पाहतो

उत्तर सोपे आहे. डोळ्यांना ती दोन्ही एकाच वेळी दिसतच नसतात! तसा आपल्याला केवळ भास होतो.

आपण गुलमोहराकडे पाहतो तेव्हा बाहुली आकसते. नातीकडे पाहतो तेव्हा ती विस्फारते. अगदी आकसलेली बाहुली दोनेक मिलिमीटरची आणि पुरती विस्फारलेली सातआठ मिलिमीटरची. म्हणजे आत शिरणाऱ्या उजेडात बारा ते सोळा पटींचा फरक या एका हालचालीने पडतो. बाकीचे काम नेत्रपटल आणि मेंदू करतात. नजर क्षणात दहा ठिकाणी फिरते, प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा मांडते, आणि मेंदू त्या दहा तुकड्यांची अशी बेमालूम गोधडी शिवतो की टाका दिसत नाही. डोळा हप्त्याहप्त्याने पाहतो. कॅमेऱ्याला सारी रक्कम एकदम मोजावी लागते.

आणि ती रक्कम थोडीथोडकी नसते. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर पडणारा उजेड सुमारे एक लाख लक्स भरतो. त्याच वेळी खोलीत, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात, तो शंभराच्याही खाली असू शकतो. फोटोग्राफर लोक पटीचा हा हिशेब 'स्टॉप'मध्ये करतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. दोन म्हणजे चौपट. दहा स्टॉप म्हणजे एक हजार चोवीस पट. रंगीत पारदर्शिकेच्या फिल्मला जेमतेम पाचसहा स्टॉप झेपत. निगेटिव्हची फिल्म अधिक सोशिक, तिला दहाच्या आसपास झेपत. आजच्या चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याची मजल बारा-चौदा स्टॉपांपर्यंत जाते.

मग प्रश्न सुटलाच की, असे कोणी म्हणेल. नाही, सुटत नाही! कारण शेवटी चित्र उतरायचे ते कागदावर. आपल्या हातातल्या या अंकाचेच पान पाहा. त्यावरची कोरी पांढरी जागा ही गडद काळ्या शाईपेक्षा शंभर पटही उजळ नसते. बाहेरचे ऊन आणि आतला कोपरा यांतले हजार पटींचे अंतर या शंभराच्या आतल्या जागेत बसवायचे आहे. मोठ्या वाड्यातले सामान दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात लावण्यासारखेच हे. सगळेच न्यायचे म्हटले तर पाय ठेवायला जागा राहत नाही. काय न्यायचे आणि काय सोडायचे ते आधी ठरवावे लागते.

पहिल्या दोन खिडक्या

या विद्येचा जन्मच मुळी खिडकीत झाला. आज शिल्लक असलेला जगातला पहिला कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे एका खिडकीतून दिसणारा देखावा आहे. फ्रान्समध्ये ल ग्रा येथील आपल्या घराच्या माडीवरून नीसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास तो टिपला. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्याने डांबराचा लेप दिला होता. उजेड जिथे पडेल तिथे तो लेप कठीण होई, उरलेला तेलाने धुऊन निघे. या पत्र्याला उजेड दाखवायला किती वेळ लागला? निदान आठ तास, असे पूर्वापार सांगतात. काही जाणकारांच्या मते कित्येक दिवस. या काळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, त्यामुळे त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते! हा पत्रा मधल्या काळात विस्मृतीत गेला होता. १९५२ साली हेल्मुट गेर्न्सहाइम या इतिहासकाराने तो शोधून काढला आणि आज तो अमेरिकेत टेक्ससमधील ऑस्टिन येथे आहे. त्यात छपरे आहेत, आकाश आहे. पण ज्या खोलीतून ते टिपले ती खोली नाही.

दुसरी खिडकी इंग्लंडातील. टॅलबटने ऑगस्ट १८३५ मध्ये लॅकॉक येथील आपल्या घरातली जाळीदार काचांची खिडकी आतून टिपली. ते आज शिल्लक असलेले सर्वांत जुने निगेटिव्ह, आणि आकाराने टपालाच्या तिकिटाहून फारसे मोठे नव्हे. त्यातल्या काचांचे सुमारे दोनशे तुकडे भिंगातून मोजता येत, अशी नोंद खुद्द टॅलबटने करून ठेवली आहे. इथे खिडकी आहे, तिच्या गजांची जाळी आहे. पण बाहेरची बाग नाही. तिथे नुसता उजेड आहे.

एकाने देखावा घेतला, दुसऱ्याने खिडकी घेतली. दोन्ही एकत्र घेण्याचे काम मागून येणाऱ्यांसाठी शिल्लक राहिले. ते काम माझ्यापर्यंत येऊन पोचेल, आणि तेही सासूबाईंच्या हुकमाने, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

सासूबाईंची अट

आमचे बिऱ्हाड शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला, एका जुन्या वाड्याच्या माडीवर होते. दोन खोल्या, मध्ये उंबरा. बाहेरच्या खोलीला वायव्येकडे तोंड करून एक खिडकी. तिच्यातून ओंकारेश्वराचे शिखर दिसे आणि त्यापलीकडे मुठेची रिकामी पुळण. चिमाजी अप्पांची समाधी याच देवळाच्या आवारात आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हाच्या गोष्टी सासूबाईंनी लग्न होऊन आल्यावर याच खिडकीशी बसून ऐकल्या आणि मी लग्न होऊन आल्यावर त्यांच्या तोंडून ऐकल्या.

या खिडकीच्या उजव्या अंगाला, भिंतीच्या कोपऱ्यात, सासऱ्यांची आरामखुर्ची असे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांचा सारा दिवस त्या खुर्चीत जाई. त्यांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. खुर्ची मात्र तिथेच होती. तिच्यावर कोणी बसत नसे आणि तिला कोणी हलवीत नसे.

गेल्या वर्षी वाडा पाडून तिथे नवी इमारत उभी करायचे नक्की झाले. करार झाले, सह्या झाल्या, आणि दिवाळीनंतर महिन्याभरात सर्वांनी जागा रिकाम्या करायच्या ठरल्या. यात नवल काही नाही. पेठांत आज हेच चालू आहे, आणि जिने झिजलेल्या, तुळया वाकलेल्या घरात म्हाताऱ्या माणसांनी किती दिवस काढायचे, हाही प्रश्न आहेच. सासूबाईंनी कुरकुर केली नाही. एक दिवस भाजी निवडता निवडता त्या एवढेच म्हणाल्या, "तुला फोटोचा नाद आहे ना? मग मला इथून एक फोटो काढून दे."

इथून म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून. पन्नासएक वर्षे त्या याच जागी उभ्या राहून, हातातला पळा किंवा पोळपाट न ठेवता, बाहेरच्या खोलीत पाहत आल्या होत्या. तिथून जे दिसे ते सारे त्यांना हवे होते.

"खुर्ची दिसली पाहिजे आणि कळसही दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या.

ऐकायला केवढीशी अट! पण खुर्ची होती खोलीतल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि कळस होता खोलीतून दिसणाऱ्या सर्वांत उजळ जागी. सकाळी दहा वाजता मी कॅमेऱ्याने मोजून पाहिले. भिंगाचे छिद्र तेच ठेवले, तर शिखराला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरत होता आणि खुर्चीला पुरे दोन सेकंद लागत होते. म्हणजे पाचशे पटींचे अंतर. बरोबर नऊ स्टॉप.

'हा दवाखाना कुणाचा?'

आमच्या पुतण्याला हे गणित ऐकून हसू आले. "काकू, कसला हिशेब करत बसलात!" असे म्हणून त्याने उंबऱ्यावर उभे राहून फोन उचलला आणि पापणी लवायच्या आत फोटो काढून दाखवला. खरेच की! कळसही होता आणि खुर्चीही.

ही किमया नवी नाही. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रे केली, त्यांतल्या काहींत आकाश एका निगेटिव्हचे आणि समुद्र दुसऱ्या निगेटिव्हचा आहे. दोन्ही जोडून त्याने एक चित्र छापले, कारण एकाच वेळी दोन्ही साधत नव्हती. आजचा फोन तेच करतो. आपण एकदा बोट लावतो, पण तो एकामागून एक कितीतरी फोटो घेतो आणि त्यांतला उजळ भाग एका ठिकाणचा, काळा भाग दुसऱ्या ठिकाणचा असे जमवून आपल्या हाती एक चित्र ठेवतो. डोळा आणि मेंदू मिळून जी गोधडी शिवतात, तीच फोन शिवतो. फक्त त्याचा टाका कधी कधी दिसतो. खिडकीच्या गजांभोवती फिकट प्रभावळ दिसू लागली की समजावे, इथे शिवण आहे.

पुतण्याने मोठ्या कौतुकाने तो फोटो आजीला दाखवला. मोतीबिंदू काढल्यापासून सासूबाईंना उजेडातले बारकावे फार दिसतात. त्यांनी फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि विचारले, "हा दवाखाना कुणाचा?"

"आजी, आपलीच खोली आहे ही!"

"आपल्या खोलीत त्या कोपऱ्यात इतका उजेड कधी होता रे? त्यांना पेपरातले बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून पेपर घेऊन खिडकीकडे वाकून बसायचे ते. इतका उजेड असता तर वाकले असते कशाला?"

पुतण्या निरुत्तर झाला. आणि मला माझा धडा एका वाक्यात मिळाला. समतोल म्हणजे समसमान नव्हे. खोली बाहेरच्याइतकीच उजळ केली की ती खोली राहत नाही. छप्पर काढून घेतलेले अंगण होते. खोलीने खोली दिसायला हवे असेल तर ती बाहेरच्यापेक्षा एकदोन स्टॉप काळोखीच राहिली पाहिजे. नऊ स्टॉपांचे अंतर शून्यावर आणायचे नाही. ते दोनवर आणून ठेवायचे आहे.

अंतर कमी कसे करावे?

अंतर कमी करायला मार्ग दोनच. आत उजेड वाढवा, किंवा बाहेर उजेड कमी होण्याची वाट पाहा.

आत उजेड वाढवायचा म्हणताच हात जातो फ्लॅशकडे. फ्लॅशची एक मौज जाणून घेण्यासारखी आहे. त्याची लकाकी सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर आटोपते. त्यामुळे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. म्हणून बाहेरचा उजेड पडद्याच्या वेळाने आवरायचा आणि आतला उजेड फ्लॅशच्या जोराने, अशी दोन वेगळी लगामे आपल्या हाती येतात. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापलीकडे गेले की फ्लॅश आणि पडदा यांचे जमत नाही, एवढे ध्यानात ठेवायचे.

पण फ्लॅश समोरून मारला की चित्र पोलीस पंचनाम्याचे वाटते. म्हणून जाणते लोक तो छताकडे वळवतात. पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड मऊ होऊन खाली येतो. वाड्यात इथेच घोडे पेंड खाते. वाड्याचे छत म्हणजे कडीपाट! पिढ्यान्पिढ्यांच्या धुराने काळे झालेले ते सागवान पडलेला उजेड गिळून टाकते, परत काही देत नाही.

यावर तोडगा सापडला तो सासऱ्यांच्या पेटीत. त्यांचे एक पांढरे शुभ्र धोतर मी खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, दांडीवरून सोडले. खिडकीतून आलेला उजेड त्या धोतरावर पडून उलट फिरला आणि खुर्चीपर्यंत आला. मोजले, तर दोन सेकंदांचे काम एका सेकंदावर आले. नुसत्या धोतराने उजेड दुप्पट! एक स्टॉप मिळाला, आणि तोही विजेचा काटा न हलता.

हा शोध माझा नव्हे. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' या १९५६ सालच्या चित्रपटात काशीतल्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. तिथे आकाशाचा मवाळ उजेड आणावा कसा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्या कापडावर टाकून परतलेल्या उजेडात दृश्ये टिपली. आपल्याकडच्या मूकपटांच्या आरंभकाळी याच्या उलट होई. दादासाहेब फाळक्यांच्या काळात घराचा 'आतला' देखावासुद्धा उघड्यावर, सूर्याच्या उजेडात घेत. छपराऐवजी वर कापड असे. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ सालच्या 'सिंहगड' चित्रपटासाठी कृत्रिम दिवे वापरले. छप्पर, कापड आणि दिवा यांचे हे भांडण जुनेच आहे.

शनिवार पेठेलाही उजेड-सावलीच्या या विद्येचा वारसा आहे. फोटोचे नावगावही नव्हते तेव्हा, अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. तिथे शिकलेल्या गंगाराम तांबटाने पुढे वेरुळची लेणी चितारली. लेण्याच्या दारात पडलेले ऊन आणि आतला गर्द काळोख कागदावर कसा उतरवायचा, हा आमचाच प्रश्न त्याला शाई आणि कुंचला घेऊन सोडवावा लागला.

ज्यांना हा प्रश्न प्रत्यक्ष पाहायचा असेल, त्यांनी शनिवारवाड्याच्या कोणत्याही दरवाज्याच्या आत उभे राहून बाहेर पाहावे. १८२८ सालच्या आगीत आतली बांधणी गेली, पण तट आणि दरवाजे राहिले. त्यांतल्या एकाचे नावच मुळी 'खिडकी दरवाजा'! दरवाज्याच्या पोटातला थंड काळोख आणि पुढ्यातले ऊन यांच्यामध्ये दगडाची जाडजूड कड असते. त्या कडेवर उजेड पायरीपायरीने उतरतो. आधी लख्ख, मग पिवळट, मग करडा, मग काळा.

जुन्या वाड्यांच्या खिडक्यांतही हेच आहे. आमची भिंत जवळजवळ दोन हात जाडीची होती. नव्या घरात चार-सहा इंचांच्या भिंतीला काच बसवतात. तिथे उजेड आणि काळोख यांची गाठ धारेवर पडते आणि डोळ्यांना टोचते. जाड भिंतीत मात्र खिडकीच्या दोन्ही अंगांना उजेडाला टेकायला जागा असते. बाहेरचे ऊन त्या भिंतीच्या जाडीवर पडते, तिथे निवते आणि मग आत येते. बांधणाऱ्या गवंड्याने भिंत जाड केली ती माडीचा भार पेलावा आणि उन्हाळा आत येऊ नये म्हणून. पण फोटो काढणाऱ्याचेही काम त्याने नकळत करून ठेवले. म्हणून माझा सल्ला असा की, खिडकीचा फोटो काढताना अगदी समोर उभे राहू नये. जरा तिरके उभे राहावे, म्हणजे चौकटीची आतली बाजू, तो मधला करडा उजेड, चित्रात येतो. काळे आणि पांढरे यांच्यामध्ये बोलणी करणारा तो मध्यस्थ आहे. उंबऱ्यावरच्या आमच्या जागेवरून तो आपोआप येत होता, हे आमचे भाग्य.

दिवेलागण

आता दुसरा मार्ग. बाहेरचा उजेड कमी होण्याची वाट पाहणे.

आमच्या खिडकीला तोंड वायव्येकडे. सकाळचे ऊन आमच्या पाठीमागून जाऊन शिखराच्या आमच्याकडच्या अंगावर पडे, आणि ते इतके तळपे की नऊ स्टॉपांचे अंतर होई. दुपार कलली की शिखराची ही बाजू सावलीत जाई आणि अंतर सहासात स्टॉपांवर येई. पण खरी गंमत सूर्य मावळल्यानंतरची. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पुण्यात सूर्य सहाच्या पुढे पाचसात मिनिटांनी मावळतो. त्यानंतर बाहेरचा उजेड इतक्या झपाट्याने उतरतो की कॅमेऱ्याला दर दोनतीन मिनिटांनी नवा हिशेब करावा लागतो. आतला दिवा मात्र आहे तिथेच असतो. एक उतरतो आहे, दुसरा स्थिर आहे. तेव्हा कोणत्या तरी एका क्षणी दोघांची गाठ पडणारच! त्याच्या थोडे आधी, बाहेरचे पारडे अजून किंचित जड असताना, आपला फोटो.

या वेळेला आपल्या भाषेने किती सुरेख नाव दिले आहे! दिवेलागण. घरातल्या बाईने देवापाशी आणि तुळशीपाशी दिवा लावायचा तो याच वेळी. दिवा फार लवकर लावला तर त्याचा उजेड दिसत नाही. उशीर केला तर घर काळोखात बुडते. आत आणि बाहेर यांची बरोबरी होण्याचा क्षण आपल्या आज्या-पणज्यांनी मीटरशिवाय ओळखून ठेवला होता.

म्हणून फोटोची वेळ सासूबाईंनीच ठरवायची असे मी ठरवले. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली संध्याकाळ. कॅमेरा ट्रायपॉडवर, उंबऱ्याच्या अलीकडे, सासूबाईंच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यांची उंची माझ्यापेक्षा वीतभर कमी, आणि त्या वीतभराने शिखर खिडकीच्या गजांत वेगळ्या जागी दिसत होते. धोतर दांडीवर. खोलीत एकच पिवळा दिवा, खुर्चीच्या वर. तो पिवळा उजेड आणि बाहेरचा निळा यांना एका रंगाचे करायचा खटाटोप मी मुद्दाम केला नाही; घर उबदार आणि बाहेर गार हे त्या वेळेचे खरेच आहे, ते कॅमेऱ्याने पुसून टाकू नये.

मी मोजत होते. खुर्चीला चार सेकंद. शिखराला आधी सेकंदाचा आठवा भाग, मग पाव सेकंद, मग अर्धा. शिखराचा आकडा एका सेकंदावर आला आणि त्याच वेळी सासूबाई म्हणाल्या, "आता निरांजन लावायची वेळ झाली." मी दोन सेकंद पडदा उघडा ठेवला. मधला आकडा तो. म्हणजे कळस एक स्टॉप उजळ आणि खुर्ची एक स्टॉप काळी.

चित्र पाहून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यातली देवळी जवळजवळ काळीच होती. खुर्चीच्या दोन हातांवर आणि वेताच्या पाठीवर दिव्याचा उजेड होता. गजांपलीकडे करड्या-निळ्या आभाळात शिखर. मी विचारले, "आई, कोपरा जरा उजळवू का? अजून करता येईल."

"नको," त्या म्हणाल्या. "काळोख तेवढा राहू दे. ते याच वेळेला पेपर मिटून ठेवायचे. दिसत नाही म्हणायचे."

वाडा आता नाही. भाड्याच्या जागेत तो फोटो भिंतीवर आहे, आणि त्याखाली तीच खुर्ची. नव्या घरात आम्हाला मिळणारी खिडकी कोणत्या दिशेला असेल ते नकाशात पाहिले. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत येईल. सासूबाईंनी नकाशा पाहून एवढेच विचारले की, त्या भिंतीवर संध्याकाळचे ऊन पडेल का? पडेल, असे मी सांगितले. तिचे तोंड पश्चिमेलाच आहे.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची जुनी घरे आज याच वाटेवर असतील. तेव्हा या दिवाळीत एक करा. भावबीजेच्या गडबडीत सर्वांना ओळीने उभे करून फोटो काढाल ते काढालच. पण एका संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर पाचदहा मिनिटांनी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की, तुम्ही कुठे उभे राहून बाहेर पाहत आलात? त्या जागी कॅमेरा ठेवा, नुसता फोन असला तरी चालेल; तो कशाला तरी टेकवून स्थिर करा. घरात एकच दिवा ठेवा. फोनच्या पडद्यावर खिडकीतल्या आभाळावर बोट ठेवलेत की तो उजेड आवरतो; मग जरासाच वाढवा. खोली अंधुक दिसू लागली की थांबा. आकाशकंदील खिडकीत लावलेला असला तर फारच छान. त्याचा उजेड आतल्या बाजूचाही आहे आणि बाहेरच्याही.

आणि फोटोत एखादा कोपरा काळा राहिला, तर तो राहू द्या. त्या कोपऱ्यात काय होते, ते सांगणारे माणूस आज आपल्या घरात आहे. त्याला विचारून घ्या.